तासाभरात टेक्स-मेक्स कॅसरोल: नवख्यांसाठी आणि शाकाहारी घरासाठी

टेक्सासमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी घरात मुलं शाळेत रुळली की एक फर्माईश हमखास येते. शाळेत नाहीतर मित्राच्या घरी एन्चिलाडा खाल्लेला असतो आणि तसाच आपल्या घरी हवा असतो. एन्चिलाडा रीतसर करायचा तर एकेक टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, गरम तेलातून काढून मऊ करा, सॉसमध्ये घोळवा, सारण भरा, गुंडाळी करा, भांड्यात ओळीने लावा. सुट्टीच्या दिवशी ठीक आहे. मंगळवारी संध्याकाळी एकाचा गृहपाठ आणि दुसरीचा पोहण्याचा क्लास सांभाळून हे कोण करणार? इथली माणसंही करत नाहीत. ती तोच सगळा माल थराथरांनी एका भांड्यात रचतात आणि भांडं ओव्हनमध्ये ढकलून मोकळी होतात. यालाच कॅसरोल म्हणतात. चव तीच, कटकट निम्मी.

अशा पाककृतींवर 'फक्त तीस मिनिटांत' असं ठोकून दिलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. पहिल्यांदा करताना सव्वा तास धरा, हात बसला की तासात होतं. त्यातला अर्धाअधिक वेळ ओव्हन काम करत असतो आणि तुम्ही डबे घासू शकता किंवा पाढे म्हणून घेऊ शकता.

या पदार्थात बिघडण्यासारखं मुख्यतः एकच आहे: पाणी. टॉर्टिया ओल्या, बीन्स न निथळलेले, टोमॅटोचा रस तसाच ओतलेला, आणि वर घाईने कापलेला कॅसरोल. मग ताटात वडी येण्याऐवजी लगदा येतो. खाली जे काही सांगितलंय त्यातलं बरंचसं या पाण्याचा बंदोबस्त करण्यासाठी आहे. तेवढं सांभाळलंत तर बाकी हा पदार्थ फार क्षमाशील आहे.

आधी थोडं, हे जेवण कुठलं

टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोत होता. सीमा सरकली, पण तिथली मेक्सिकन कुटुंबं होती तिथेच राहिली, आणि त्यांच्या स्वयंपाकात गुरांच्या रँचवरचं बीफ, गव्हाचं पीठ, पिवळं चीज हे सगळं मिसळत गेलं. त्यातून तयार झालं ते टेक्स-मेक्स. सॅन अँटोनिओच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायका संध्याकाळी शेगड्या मांडून 'चिली कॉन कार्ने', म्हणजे मिरचीच्या रश्श्यातलं मांस, विकत. 'चिली क्वीन्स' म्हणत त्यांना. पुढे १८९०च्या दशकात न्यू ब्राउनफेल्समधल्या विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने सुकलेल्या मिरच्या दळून त्याची पूड बाटलीतून विकायला सुरुवात केली, आणि मिरचीच्या हंगामाची वाट बघायची गरज संपली. आज दुकानात 'चिली पावडर' नावाने जी बाटली मिळते ती त्याच घराण्यातली.

मेक्सिकोच्या आतल्या भागात जिऱ्याचा हात आखडता असतो, टेक्स-मेक्समध्ये तो सढळ. त्यामुळे आपल्या नाकाला हे जेवण पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटतं. त्याच भरात गरम मसाला किंवा गोडा मसाला घालायचा मोह होतो. घालू नका, निदान पहिल्यांदा तरी. जिरं, लसूण आणि ओरेगॅनो या तिघांवर ही चव उभी आहे. त्यात लवंग-दालचिनी आली की राजम्याची उसळ चीज घालून भाजल्यासारखी लागते.

खरेदी, आणि पाकिटाच्या मागचं वाचणं

हा भाग सावकाश वाचा, कारण शाकाहारी माणसाची फसगत गॅसपाशी होत नाही, दुकानात होते.

रिफ्राइड बीन्सचा, म्हणजे शिजवून चेचलेल्या बीन्सचा, साधा कॅन उचललात तर त्यात बऱ्याचदा लार्ड असतं, म्हणजे डुकराची चरबी. कॅनवर 'व्हेजिटेरियन' असं ठळक छापलेला प्रकार शेजारच्याच फळीवर असतो, तो घ्या. या कृतीत मी रिफ्राइड बीन्स वापरत नाही, पण कधीतरी वापराल म्हणून सांगितलं. काही गव्हाच्या टॉर्टियांतही लार्ड असतं. तयार एन्चिलाडा सॉसमध्ये चिकनचा किंवा बीफचा अर्क असू शकतो. आणि टेक्स-मेक्स हॉटेलात ताटात येणारा तांबूस भात पुष्कळदा चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो. विचारलं तर वाढणारी माणसं खरं सांगतात, न विचारता कोणी सांगत नाही. चीज करताना दूध घट्ट करायला वापरतात ते रेनेट पारंपरिकपणे वासराच्या पोटातून काढलेलं असतं; ते ज्यांना चालत नाही त्यांनी घटकांमध्ये 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेबल' रेनेट लिहिलेलं बघून घ्यावं. नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असेल तर ते कशापासून आहेत ते कळत नाही.

आता यादी. चार मोठे आणि दोन लहान जेवतील एवढं, ९ × १३ इंचाच्या भांड्याला पुरेसं. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, लहान चमचा ५ मिली, कप २४० मिली. आपली आमटीची वाटी कपापेक्षा लहान असते, तेव्हा पहिल्यांदा मापाचाच कप घ्या.

सॉससाठी:
- तेल पाव कप
- मैदा पाव कप
- अमेरिकन चिली पावडर २ मोठे चमचे
- जिरेपूड २ लहान चमचे
- लसणाची पावडर १ लहान चमचा
- सुका ओरेगॅनो अर्धा लहान चमचा
- मिरपूड अर्धा लहान चमचा
- मीठ १ लहान चमचा
- पाणी किंवा व्हेजिटेबल ब्रॉथ (भाज्या उकळून काढलेलं पाणी) अडीच कप

सारणासाठी:
- ब्लॅक बीन्स, १५ औंसांचे २ कॅन
- मक्याचे दाणे दीड कप (फ्रोझन चालतात)
- रो-टेल किंवा तसाच टोमॅटो-हिरवी मिरचीचा १० औंसांचा १ कॅन
- कांदा १ मोठा, ढोबळी मिरची १
- तेल, मीठ, थोडी जिरेपूड

रचण्यासाठी:
- मक्याच्या ६ इंची टॉर्टिया १२
- चीज ३ कप किसलेलं (साधारण ३४० ग्रॅम)

रो-टेल म्हणजे बारीक चिरलेले टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या एकत्र. टेक्सासच्या दक्षिण टोकाला एल्सा नावाच्या गावात १९४३ मध्ये हा कॅन सुरू झाला आणि आता त्याच्याविना टेक्सन घराचं कपाट पूर्ण होत नाही. 'माइल्ड' प्रकार मुलांना चालतो, 'ओरिजिनल' आपल्या जिभेला जेमतेम तिखट लागतो.

चिली पावडरबद्दल मात्र सावध राहा. बाटलीत नुसती मिरची नसते. सौम्य मिरचीच्या पुडीत जिरं, लसूण, ओरेगॅनो आणि बहुतेकदा मीठही मिसळलेलं असतं. त्याऐवजी घरातलं लाल तिखट दोन मोठे चमचे घातलंत तर कोणाला घास गिळवणार नाही. बाटली नसेलच तर एक मोठा चमचा काश्मिरी मिरचीची पूड घ्या, जिरेपूड अर्धा लहान चमचा वाढवा आणि ओरेगॅनो दुप्पट करा. रंग थोडा लाल येईल, पण चव जवळपास जमते.

टॉर्टिया मक्याच्याच घ्या. त्या मक्याच्या साध्या पिठाच्या नसतात. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजवतात आणि मग दळतात. त्यामुळे त्या पिठाला चिवटपणा येतो आणि सॉसखाली तासभर राहूनही टॉर्टिया टिकून राहते. म्हणूनच घरची मक्याची भाकरी इथे चालत नाही, ती विरघळून जाते. गव्हाच्या टॉर्टिया चालतात, पण त्या सॉस पिऊन पावासारख्या फुगतात. मला ते आवडत नाही; आमच्याकडे मुलांना आवडतं. ज्याचं त्याने ठरवावं.

चीज कोणतं? टेक्स-मेक्सचं चीज पिवळं असतं. चेडर आणि मॉन्टेरे जॅक निम्मं-निम्मं घ्या, किंवा कोल्बी-जॅकची एकच वडी. किसलेल्या चीजचं पाकीट सोयीचं खरं, पण त्यातले तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर स्टार्च किंवा सेल्युलोज भुरभुरवलेलं असतं आणि ते वितळताना जरा रवाळ राहतं. रविवारी आठ औंसांच्या दोन वड्या किसून डब्यात भरून ठेवल्या तर आठवडाभर टाको, ऑम्लेट, कॅसरोल सगळ्याला होतात.

सुरुवात ओव्हनपासून

घरात पाऊल टाकलं की आधी ओव्हन ३७५ अंश फॅरेनहाइटवर लावा, म्हणजे १९० सेल्सिअस. तापायला दहा-पंधरा मिनिटं जातात. रॅक मधल्या खाचेत आहे ना ते तापवण्याआधी बघा, आणि आत काल ठेवलेला तवा किंवा प्लॅस्टिकचं झाकण नाही ना तेही. भारतातून आलेल्या घरात ओव्हन ही भांडी ठेवायची जागा असते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दोन शेगड्या एकदम पेटवा. एकीवर सॉस, दुसरीवर सारण.

सॉस, ज्याला टेक्सासमध्ये चिली ग्रेव्ही म्हणतात

जाड बुडाच्या पातेल्यात पाव कप तेल मध्यम आचेवर तापवा. मैदा घाला आणि हलवत राहा. लाडवाचं बेसन भाजतो तसा धीर इथे हवा, फक्त वेळ कमी: तीन-चार मिनिटांत मैद्याचा कच्चा वास जातो, मिश्रण सैल होऊन कडेने बुडबुडे धरतं आणि रंग फिक्या बिस्किटावर येतो. तिथे थांबा.

आता चिली पावडर, जिरेपूड, लसणाची पावडर, ओरेगॅनो, मिरपूड, मीठ सगळं एकदम टाका आणि अर्धा मिनिट हलवा. याहून जास्त नाही. मिरचीची पूड गरम तेलात फार लवकर करपते आणि करपलेला कडवटपणा पुढे कशाने जात नाही. आच कमी करूनच मसाले घाला. वास बदलला, जिरं पुढे आलं, की पाणी घालायची वेळ झाली.

पाणी एकदम ओतू नका. आधी अर्धा कप घालून जोरात फेटा, लापशीसारखं घट्ट होईल. मग आणखी अर्धा, मग उरलेलं. असं केलं की गाठी होत नाहीत. झाल्याच तर रवी फिरवा, किंवा गाळून घ्या, कोणाला कळणार नाही. आता मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळू द्या. विटेचा रंग येतो, वर तेलाचे बारीक थेंब दिसतात. चमच्याची पाठ सॉसमध्ये बुडवून बोटाने मध्ये रेघ ओढा: रेघ तशीच राहिली तर सॉस तयार. रेघ लगेच भरून आली तर अजून दोन मिनिटं.

चाखून बघा. याच टप्प्यावर मीठ जरा पुढे वाटलं पाहिजे, कारण टॉर्टिया अळणी असतात. ब्रॉथ वापरला असेल तर मात्र मीठ आधी अर्धंच घाला. ब्रॉथ खारट असतो.

यात टोमॅटो नाही हे पाहून चुकल्यासारखं वाटेल. जुन्या टेक्स-मेक्स ग्रेव्हीत तो नसतोच. आंबटपणा सारणातून येणार आहे.

घाई असेल तर या सगळ्याऐवजी तयार लाल एन्चिलाडा सॉस अडीच कप वापरा. चालतं. पण घरच्या सॉसला दहा-बारा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात दुसऱ्या शेगडीवर सारण होणारच असतं, त्यामुळे कॅन वापरून वेळ वाचतो असं मला तरी वाटत नाही.

सारण

ब्लॅक बीन्सचे कॅन चाळणीत ओता आणि नळाखाली धुऊन काढा. तो काळपट, बुळबुळीत पाक जाऊ द्या. त्याबरोबर बरंचसं मीठही जातं. रो-टेलचा कॅनही दुसऱ्या गाळणीत ओतून निथळत ठेवा. रस टाकू नका, सॉस फार घट्ट झाला तर चमचा-दोन चमचे त्यात घालता येतो.

कढईत दोन मोठे चमचे तेल घालून कांदा आणि ढोबळी मिरची मोठ्या आचेवर परता. कांदा पारदर्शक होऊन कडेला जरा तपकिरी दिसला की मका घाला. फ्रोझन मक्यातून पाणी सुटतं. ते आटून दाणे कढईत तडतडायला लागेपर्यंत पुढची वस्तू टाकू नका. एखाद्या दाण्यावर डाग पडले तर चांगलंच. मग निथळलेले टोमॅटो, अर्धा लहान चमचा जिरेपूड, शेवटी बीन्स. बीन्सचा साधारण चौथा भाग कालथ्याच्या पाठीने कढईतच चेचा. हा चेचलेला भाग सारण बांधून ठेवतो, नाहीतर कापताना दाणे सुटे होऊन घरंगळतात.

गॅस बंद करायच्या आधी कालथ्याने सारण एका बाजूला ओढा. कढईच्या मोकळ्या बुडात पाणी जमलं नाही तर झालं. जमलं तर आणखी मिनिट-दोन मिनिटं.

सुके ब्लॅक बीन्स रात्री भिजवून कुकरला लावलेत तर उत्तमच, आणि स्वस्तही. भिजवलेल्या दाण्यांना साधारण आठ-दहा मिनिटं प्रेशर पुरतं. दोन कॅनच्या जागी शिजवलेले, निथळलेले तीन कप घ्या.

टॉर्टिया शेकणं

ही पायरी सगळे गाळतात आणि मग लगदा झाला म्हणतात. पाकिटातली मक्याची टॉर्टिया थंड, ओलसर आणि ठिसूळ असते. तशीच घातली तर खालचा थर गिळगिळीत होतो.

तवा चांगला तापवा. तेल नको. एकेक टॉर्टिया टाका, प्रत्येक बाजूने तीस-चाळीस सेकंद. पोळीसारखी टम्म फुगणार नाही, पण मध्येच एखादा फुगा उचलला जाईल, तपकिरी ठिपके येतील आणि भाजलेल्या कणसाचा वास सुटेल. पोळी लाटणाऱ्या हाताला दोन तव्यांवर बारा टॉर्टिया म्हणजे सहा-आठ मिनिटांचं काम. शेकलेल्या टॉर्टिया एकावर एक रचून झाकू नका, वाफेने पुन्हा ओल्या होतात. जाळीवर किंवा ताटात पसरून ठेवा. मग सुरीने किंवा कात्रीने प्रत्येकीचे दोन अर्धे भाग करा. सरळ कड भांड्याच्या कडेला लागते आणि कोपरे रिकामे राहत नाहीत.

रचणं

भांडं काचेचं, चिनीमातीचं किंवा धातूचं, कोणतंही चालेल. तेलाचा हात फिरवा.

तळाला अर्धा कप सॉस पसरा, नुसता ओलावा येईल एवढाच. त्यावर चार टॉर्टियांचे आठ तुकडे, जरा एकमेकांवर चढवून. त्यावर निम्मं सारण, एक कप चीज, अर्धा कप सॉस. पुन्हा आठ तुकडे, उरलेलं सारण, एक कप चीज, अर्धा कप सॉस. शेवटी उरलेले आठ तुकडे आणि त्यावर राहिलेला एक कप सॉस. हा शेवटचा सॉस कडेपर्यंत न्या. उघडी राहिलेली टॉर्टिया ओव्हनमध्ये कडक होऊन दाताला लागते. वर उरलेलं चीज.

मुलं आणि मोठी यांचं तिखट वेगळं असेल तर दोन भांडी करत बसू नका. वरच्या चीजवर एका बाजूला लोणच्यातल्या हालापेन्यो मिरचीच्या चकत्या लावा, दुसरी बाजू मोकळी सोडा. लहान मुलांना वाढताना मोकळ्या टोकापासून कापत या.

ओव्हनमध्ये

फॉइलने झाका. फॉइल चीजला चिकटू नये म्हणून आतून तेलाचं बोट फिरवा. झाकून १५ मिनिटं, मग फॉइल काढून आणखी १० ते १२. कडेने सॉस खदखदायला लागला आणि वरचं चीज मध्यभागीही वितळलं की झालं. वरून डाग हवे असतील तर शेवटी दोन मिनिटं ब्रॉइलर, म्हणजे ओव्हनची वरून येणारी थेट आच, लावा, पण तिथून हलू नका. ब्रॉइलरखाली दोन मिनिटं आणि चार मिनिटं यांत जेवण आणि कोळसा इतका फरक पडतो. काचेचं भांडं असेल तर ब्रॉइलर टाळा, बहुतेक काचेच्या भांड्यांना ती आच सोसत नाही.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. हे दहा मिनिटांचं थांबणं कृतीतच धरा. गरम असताना सॉस पातळ असतो; जरा निवला की मैदा आणि चीज आळतात आणि कापलेली वडी उभी राहते. भुकेलेल्या मुलांना तोवर कोरडे टॉर्टिया चिप्स आणि साल्सा पुढे ठेवा, किंवा ताटं-पाणी घ्यायला लावा.

त्या दहा मिनिटांत वरचं तयार करा: बारीक चिरलेलं लेट्यूस, कोथिंबीर, अव्होकाडोच्या फोडी, लिंबू, आणि सावर क्रीम. सावर क्रीम नसेल तर पंचात टांगलेल्या दह्याचा चक्का जरासं मीठ घालून फेटा, फरक कळत नाही. हे गार, कच्चं, आंबट काहीतरी वर हवंच. चीज-सॉसचा जडपणा त्याने उतरतो. सोबत वेगळा भात करायची गरज नाही, केलाच तर साधा मोकळा जिरा राइस चांगला जातो.

चिकन घालायचं असेल तर

दुकानातून अख्खं भाजलेलं रोटिसरी चिकन आणा, हाताने सुटं करा आणि दोन-अडीच कप सारणात मिसळा. बीन्सचा एक कॅन कमी करा. खिमा वापरायचा असेल तर कांद्याबरोबर आधी पूर्ण शिजवून, सुटलेली चरबी निथळून मगच बाकीचं घाला. टर्की किंवा चिकनचा खिमा आतून १६५ अंश फॅरेनहाइटला पोचायला हवा, बीफचा १६०ला. कच्चा खिमा थरात घालून ओव्हनवर विसंबू नका.

टेक्सासच्या जुन्या घरांत तुम्हाला 'किंग रँच चिकन' नावाचा याचा एक भाऊबंदही भेटेल. त्यात सॉसऐवजी कॅनमधलं मशरूम आणि चिकनचं घट्ट सूप आणि रो-टेल असतं. दक्षिण टेक्सासमध्ये १८५३ साली सुरू झालेलं किंग रँच हे प्रचंड मोठं रँच खरंच आहे, पण पदार्थ तिथे जन्मल्याचा पुरावा कोणाकडे नाही. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणी आणला तर आवडीने खावा. घरी करायला मला तो फार दुधाळ आणि खारट वाटतो.

आदल्या रात्री रचून ठेवणं आणि उरलेलं

सकाळी किंवा आदल्या रात्री रचून फ्रिजमध्ये ठेवता येतो, मात्र सॉस आणि सारण गार करून मगच रचा, आणि वरचं चीज भाजायच्या वेळी घाला. थंड काचेचं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये थेट घातलं तर तडकू शकतं. अर्धा तास ओट्यावर बाहेर ठेवा. अशा वेळी झाकून भाजायचा वेळ दहा-पंधरा मिनिटांनी वाढवा. फ्रिजमधून थेट ओव्हनमध्ये जायचंच असेल तर धातूचं भांडं वापरा.

उरलेला कॅसरोल दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, तिथे तीन-चार दिवस चांगला राहतो. फ्रीझरमध्ये वड्या कापून, एकेक फॉइलमध्ये गुंडाळून आणि वरून पिशवीत घालून ठेवा. दोनेक महिने चव टिकते. पिशवीवर तारीख लिहा, गोठल्यावर सगळ्या वड्या सारख्याच दिसतात. फॉइल काढूनच मायक्रोवेव्हमध्ये घाला आणि वर ओला पेपर टॉवेल झाका, नाहीतर टॉर्टियाच्या कडा चामड्यासारख्या होतात. मुलांच्या शाळेच्या डब्यात गार वडी जात नाही. ती सकाळी तव्यावर गरम करून, चेचून, गव्हाच्या टॉर्टियात गुंडाळा. बुरिटो म्हणून डबा रिकामा परत येतो.